घाटात एक्स्प्रेसवे आहे कुठे?

घाटमाथा | १८ ऑगस्ट २०२५, सकाळी १०:१२

शुक्रवारी पंधरा ऑगस्ट, शनिवारी दहीहंडी, पाठोपाठ रविवार. अशी जोडून सुट्टी आली की मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर काय होतं ते नव्याने सांगायला नको. खालापूर टोलनाक्यापासून पुढे मुंगीच्या पावलांनी रांग, कडेला बॉनेट उघडून उभ्या गाड्या, क्लच जळाल्याचा वास आणि कायप्पावर (व्हॉट्सॲपवर) तेच ते फोटो. मग चर्चा दोनच मुद्द्यांवर येऊन थांबते: लोकांना शिस्त नाही, आणि मग टोल कशाचा घेता. दोन्ही खरं आहे. पण मूळ दुखणं वेगळं आहे असं माझं मत आहे, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच की या ९४.५ किलोमीटरच्या रस्त्यात बोरघाटाचा तुकडा हा एक्स्प्रेसवे नाहीच. कळंबोलीपासून खोपोली एक्झिटपर्यंत आहे. वर कुसगावपासून किवळ्यापर्यंत आहे. मधल्या भागात मात्र आडोशी बोगद्यापाशी जुना हायवे (पूर्वीचा एनएच ४, आताचा ४८) याच रस्त्यात येऊन मिसळतो आणि खंडाळा एक्झिटला सुटा होतो. एक्स्प्रेसवेच्या सहा लेन आणि जुन्या हायवेच्या चार, अशी दहा लेनची वाहतूक सहा लेनमध्ये कोंबलेली. तीही ऐन चढावर. सपाटीला ऐंशीने पळणारा भरलेला ट्रेलर इथे खालच्या गिअरमध्ये कण्हत चढतो. त्याला ओव्हरटेक करायला निघालेला दुसरा ट्रेलर त्याच्याहून जेमतेम दोन-तीन किलोमीटरने वेगात असतो. तेवढ्यात तिसऱ्या लेनमध्ये तिसरा घुसला की मागच्या सगळ्यांनी हँडब्रेक ओढायचा.

हा रस्ता बांधणारी एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) १९९६ साली स्थापन झाली, २००२ मध्ये रस्ता पूर्ण सुरू झाला. देशातला पहिला सहापदरी काँक्रीटचा द्रुतगती मार्ग म्हणून आपण कौतुकही भरपूर केलं. ते रास्तच होतं. पण घाटात तेव्हा जुन्याच वाटेच्या अंगाने काम झालं आणि त्याचं व्याज आपण वीस-बावीस वर्षं भरतोय.

आता मिसिंग लिंक, म्हणजे घाटाचा तुकडा टाळणारा नवा रस्ता. खोपोली एक्झिट ते कुसगाव हे सध्याचं १९ किलोमीटरचं अंतर १३.३ वर येणार. दोन बोगदे, त्यातला मोठा ९ किलोमीटरच्या आसपास, लोणावळा तलावाच्या पोटाखालून जाणारा. दोन पूल, त्यातला एक केबल-स्टेड, १८० मीटरच्या वर उंचीच्या खांबांवर टांगलेला. काम २०१९ मध्ये सुरू झालं, मुदती किती टळल्या ते मोजणं मी सोडून दिलंय. सध्या डिसेंबर म्हणतायत.

प्रश्न असा: हे झालं की घाटाचा प्रश्न सुटेल, की फक्त गर्दी पुढे सरकेल? आणि उतारावरच्या अपघातांचं काय? २६ जुलैला आडोशीजवळ ट्रेलरचे ब्रेक निकामी होऊन वीसेक गाड्या एकमेकींवर आदळल्या, एका महिलेचा जीव गेला, हे जेमतेम तीन आठवड्यांपूर्वीचं आहे.

---

पेठी_पुणेकर | १८ ऑगस्ट, १०:३१

साधा उपाय: मुंबईकरांनी सुट्टीला लोणावळ्याला येऊ नये. धन्यवाद.

---

दादर_पश्चिम | १८ ऑगस्ट, १०:३८

पुणेकरांनी रविवारी संध्याकाळी मुंबईकडे येणारी लेन मोकळी ठेवावी, मग विचार करू. इकडे पाऊस असा कोसळतोय की आज कुठेच जाता येत नाहीये, तेव्हा धागा सवडीने वाचतोय.

---

खोपोलीकर | १८ ऑगस्ट, ११:२०

धाग्याशी बऱ्याच अंशी सहमत. आमचं घर घाटाच्या पायथ्याशी, त्यामुळे चार पिढ्यांचे जॅम ऐकलेत.

बोरघाटाची गंमत अशी की इथे प्रत्येक पिढीने आधीच्या वाटेची चूक खणून काढली. गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या हस्ते खुला झाला. १८६३ मध्ये रेल्वे वर चढली. तिला सरळ चढता येईना म्हणून मधे रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे यायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट दिशेने पुढची चढण सुरू. १९२९ मध्ये नवे बोगदे काढून ते स्टेशन टाळलं. म्हणजे रेल्वेला तिची मिसिंग लिंक भरून काढायला ६६ वर्षं लागली. तरी आजही चढाला कर्जतपासून मागे बँकर (मागून ढकलणारी जादा इंजिनं) लागतात, कारण १:३७ चा चढ काही कुणाच्या बापाला चुकत नाही.

अमृतांजन पूलही त्याच जुन्या काळातला, १८३० चा. अमृतांजनची जाहिरात होती म्हणून ते नाव पडलं. एक्स्प्रेसवे त्याच्या कमानींमधून जायचा आणि खांबांपाशी रस्ता आवळायचा. २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनमुळे रस्ता रिकामा मिळाला आणि सुरुंग लावून तो पाडला. वाईट वाटलं, पण पाडायलाच हवा होता.

जुन्या रस्त्याला शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला एका धनगराने दाखवली आणि नंतर त्याचाच जीव घेतला, अशी कथा इकडे घरोघर सांगतात. ट्रकवाले अजून तिथे चालत्या गाडीतून नाणं टाकतात. एक्स्प्रेसवेवरून जाणाऱ्यांना तो दिसतही नाही.

---

सहाचाकी | १८ ऑगस्ट, १३:०५

आपला ट्रान्सपोर्टचाच धंदा, बापाच्या काळापासून. म्हणून उतारावर बोलतो. चढावर गाड्या नुसत्या अडकतात, माणसं मरतात ती उतारावर.

"ब्रेक फेल" असं पेपरात येतं. ब्रेक सहसा आपोआप फेल होत नाही, केला जातो. खंडाळ्यावरून खाली निघताना ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतो. का? मालक डिझेल ॲव्हरेजवर देतो. इतके किलोमीटर, इतकं लिटर, वर लागलं तर पगारातून. वाचलं तर ड्रायव्हरचं. मग उतार दिसला की हात आपोआप गिअरवर जातो. न्यूट्रलमध्ये इंजिनचा आधार सुटला की पस्तीस-चाळीस टनाचं वजन नुसत्या पायावर येतं. तीन-चार किलोमीटर पाय ब्रेकवर राहिला की ब्रेकचा ड्रम तापतो, त्याच्या आतला लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो, वास सुटतो. त्या वासाला तरी थांबला तर वाचला. नाही थांबला तर पुढं पाय पार खाली जातो आणि गाडी ऐकत नाही.

यातला विनोद असा की आताच्या बीएस सहा (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर पंप डिझेल बंदच करतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे जीव धोक्यात घालून जास्त डिझेल जाळायचं. हे मी माझ्या ड्रायव्हरांना शंभर वेळा सांगितलं. जुनी माणसं मान डोलावतात आणि घाटात जाऊन तेच करतात.

आम्ही ॲव्हरेजचा हिशोब घाटाच्या गाड्यांना लावायचा बंद केला. डिझेल जे लागेल ते. त्यापेक्षा चांगला उपाय मला तरी माहीत नाही. बाकी ज्यांना ड्रायव्हरला शिव्या घालायच्यात त्यांनी आधी त्याला पगार किती आणि झोप किती हे विचारावं.

---

घाटमाथा | १८ ऑगस्ट, १३:२२

@सहाचाकी, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा. एस्केप रॅम्पबद्दल काय अनुभव? वाळू-खडीचा चढता फाटा, ब्रेक गेलेली गाडी त्यात घालायची.

---

सहाचाकी | १८ ऑगस्ट, १३:४०

कल्पना चांगली आहे. पण ड्रायव्हरला भीती अशी की त्यात घातली तर गाडी रुतणार, ॲक्सल जाणार, माल पसरणार, मालक विचारणार. तो शेवटपर्यंत "सावरेल, सावरेल" करत राहतो. रॅम्पमध्ये गाडी घालणाऱ्याकडून नुकसान वसूल करणार नाही असं मालकानं आधी सांगितलेलं असेल तरच तो स्टेअरिंग वळवील. आणि रॅम्पच्या तोंडाशी चहा प्यायला गाड्या उभ्या नसतील तर.

---

अगंबाई_गाडी | १८ ऑगस्ट, १४:१५

मी आठवड्याआड एकटी हा घाट चालवते. माझी तक्रार ट्रकपेक्षा कारवाल्यांवर जास्त आहे. डावीकडून घुसणारे, बोगद्यात हॉर्न वाजवत जाणारे, धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालत्या गाडीने लेन बदलणारे. अहो, चारही लुकलुकत असताना तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळणार कसं?

---

पेठी_पुणेकर | १८ ऑगस्ट, १४:२१

चारही इंडिकेटर म्हणजे "मी सरळ जाणार". इतकं साधं कळत नाही का.

---

अगंबाई_गाडी | १८ ऑगस्ट, १४:२४

सरळ जायला परवानगी लागत नाही, काका.

---

बेसाल्ट | १८ ऑगस्ट, १६:५०

बोगद्यांच्या कामात आहे (या प्रकल्पावर नाही), म्हणून थोडं तांत्रिक.

लोकांना वाटतं सह्याद्री म्हणजे एकसंध काळा पत्थर. तसं नाही. लाव्हाचे थरावर थर आहेत. एक थर कठीण, त्यावरचा सच्छिद्र, आणि दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा. पाऊस वरून मुरतो आणि नेमका त्या पट्ट्यावरून आडवा सरकतो. कापलेल्या डोंगराचा कडा इथेच सुटतो. २०१५ च्या पावसाळ्यात आधी खंडाळा बोगद्यापाशी आणि नंतर आडोशीला दरडी कोसळल्या, आडोशीला माणसं दगावली. त्यानंतर कड्यांवर पोलादी जाळ्या बसवल्या. आज घाटातून जाताना डोंगराला जाळीचा सदरा घातलेला दिसतो तो तेव्हापासून.

म्हणून दरडीच्या दृष्टीने डोंगर कापण्यापेक्षा डोंगरातून जाणं बरं. कापलेला उतार दर पावसाळ्यात हिशोब मागतो. बोगद्यात पाणी गळतं, पण ते वाहून नेता येतं.

मिसिंग लिंकच्या बोगद्यात एकेका नळीत चार लेन आहेत, रुंदी २३ मीटरच्या आसपास. एवढा मोठा पोकळ भाग टीबीएमने (बोगदा खोदणाऱ्या यंत्राने) निघत नाही. सुरुंग लावायचा, मलबा काढायचा, शॉटक्रीट (फवाऱ्याचं काँक्रीट) मारायचं, रॉकबोल्ट (दगड धरून ठेवणारे पोलादी खिळे) ठोकायचे, मग पुढचे काही मीटर. प्रत्येक फेरीनंतर समोरचा दगड बघून ठरवायचं की आधार किती द्यायचा. घड्याळ लावून होणारं काम नाही. मुदती टळल्यावर जे चिडतात त्यांचा राग कळतो, पण दरीतला केबल-स्टेड पूल तर पावसाळ्यात वारा आणि धुकं असताना उभारायचा आहे. तिथे घाई झाली तर काय होतं ते आपण समृद्धी महामार्गावर पाहिलंय.

---

शहापूरची_लेक | १८ ऑगस्ट, १८:३३

समृद्धीचं नाव निघालंच आहे तर लिहिते. सरळांबे आमच्या तालुक्यातलं. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री पुलाचं काम करणारी गर्डर-यंत्रणा कोसळली, २० जण गेले. बहुतेक सगळे लांबच्या राज्यांतून आलेले. सकाळी आमच्याकडची माणसं तिथे गेली होती. चपला, डबे, एका पिशवीत इस्त्री केलेला शर्ट. यंदा ५ जूनला शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन झालं, इगतपुरी ते आमणे ७६ किलोमीटर. ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, टीव्हीवर दिवसभर कसारा घाटातला बोगदा दाखवत होते. पावणेआठ किलोमीटर, आठ मिनिटांत पार, आग लागली तर पाण्याचे तुषार आपोआप. सगळं छान आहे, खोटं बोलणार नाही. माझा भाऊ नाशिकला असतो, तो आता लवकर घरी येतो.

पण आमच्या पाड्यावरच्या विहिरीला सुरुंगाच्या दिवसांत जे झालं ते कुणी दुरुस्त केलं नाही. आधी मार्चपर्यंत पाणी असायचं, आता दिवाळीनंतर तळ दिसतो. अर्ज केले. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, पाऊस कमी झाला असेल. भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं, आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, आणि आता वरून समृद्धी जाते. तिच्यावर दुचाकीला बंदी. ते सुरक्षेसाठी बरोबरच आहे, पण आमच्या गावात चारचाकी कितीजणांकडे आहे? पुलाखाली उभं राहिलं की नुसता वरून घरघर आवाज.

---

बेसाल्ट | १८ ऑगस्ट, १८:५८

ताई, विहिरीबद्दल: तुमचं म्हणणं अशक्य नाही. सुरुंगाने दगडातल्या जुन्या भेगा मोकळ्या होऊ शकतात, आणि बोगदा स्वतःच गटारासारखं आजूबाजूचं भूजल ओढू शकतो. म्हणून काम सुरू होण्याआधी आसपासच्या विहिरींची पातळी मोजून नोंद ठेवायची असते. ग्रामपंचायतीमार्फत माहितीच्या अधिकारात अशा नोंदी मागा. त्या असतील तर तुलना होईल. नसतील तर त्या का नाहीत हा पुढचा अर्ज.

---

शहापूरची_लेक | १८ ऑगस्ट, १९:१०

हे कुणी सांगितलं नव्हतं. करते.

---

झुरिककर | १८ ऑगस्ट, २१:०२

इकडून थोडी भर. आल्प्समधला गॉटहार्ड रस्ता-बोगदा १९८० चा, जवळपास १७ किलोमीटर, एकाच नळीत दोन्ही दिशांची वाहतूक. २४ ऑक्टोबर २००१ ला आत दोन ट्रकची टक्कर होऊन आग लागली, ११ माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. त्यानंतर स्विस लोकांनी ट्रक थेंबाथेंबाने सोडायला सुरुवात केली. एका वेळी आत किती ट्रक असतील आणि दोघांत किती अंतर राहील, हे बाहेरच ठरतं. बाकीचे अलीकडे वाहनतळावर थांबतात.

सहाचाकींच्या प्रतिसादाशी थेट जोडलेली गोष्ट: बोगद्याच्या अलीकडे उष्णता मोजणारी कमान आहे. ट्रक खालून जाताना इंजिन, टर्बो, चाकं कुठे प्रमाणाबाहेर तापली असतील तर ती दाखवते आणि गाडी बाजूला घेतली जाते. आपल्याकडे खंडाळ्याच्या उतारावर एक-दोन ठिकाणी हे केलं तर तापलेला ड्रम आडोशीला पोचण्याआधी सापडेल. कॅमेरे वेग पकडतात, पण न्यूट्रलमधला ट्रक घाटाच्या वरच्या टोकाला वेगमर्यादेतच असतो ना.

---

सहाचाकी | १८ ऑगस्ट, २१:३०

झुरिककर, हे इथं आणाच. पण बाजूला घेतल्यावर तासभर गार व्हायला जागा पाहिजे. आज घाटात ट्रक थांबवला की पहिला दंड, दुसरी शिवी, आणि मागून कुणीतरी ठोकणार ते वेगळंच. ड्रायव्हरला मुतायला थांबायची सोय नाही तिथं ब्रेक गार करायला कुठे थांबेल?

---

खोपोलीकर | १८ ऑगस्ट, २१:४१

आणि टँकर. १३ जून २०२३ ला घाटातल्या कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडलं, चार जणांचा मृत्यू, त्यात खालून जाणारी माणसंही होती. तो उघड्यावर होता. ९ किलोमीटरच्या बोगद्यात असं झालं तर? ज्वलनशील माल नव्या बोगद्यातून नेऊ देऊ नये, तो जुन्या घाटानेच जावा. म्हणजे आमच्या खोपोलीच्या माथी, हे कळतंय मला. तरी तेच शहाणपणाचं.

---

दादर_पश्चिम | १८ ऑगस्ट, २२:०५

एवढं सगळं वाचून मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही. गर्दी पुढे सरकेल की नाही? माझं मत: सरकेल. घाटात वाचवलेली वीस-पंचवीस मिनिटं वाकडला किंवा वाशीला परत द्यायची. अटल सेतू झाल्यावरही तेच. पुलावर सुसाट आणि शिवडीला उतरलं की जैसे थे.

---

घाटमाथा | १८ ऑगस्ट, २२:३०

थोडं सरकेल हे मान्य. पण वाकडला अडकणं आणि घाटात अडकणं यात फरक आहे. वाकडला रुग्णवाहिकेला दुसरी वाट असते. घाटात कठडा आणि दरी. शिवाय नवी लिंक झाली की एक्स्प्रेसवे आणि जुना हायवे पहिल्यांदाच पूर्ण वेगळे होतील. एक बंद पडला तरी दुसरा उरेल. आज आडोशीला एक कंटेनर आडवा झाला की दोन्ही रस्ते एका फटक्यात बंद. मला मिनिटांपेक्षा हा फायदा मोठा वाटतो.

शिस्तीने फरक पडत नाही असंही नाही. २०१६ मध्ये या रस्त्यावर १५१ बळी गेले होते. त्यानंतर 'झीरो फॅटॅलिटी'ची (एकही बळी नको अशी) मोहीम झाली, कठड्यांची उघडी टोकं झाकली, कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्या हटवल्या, आणि पुढच्या काही वर्षांत आकडा बराच खाली आला. त्यासाठी डोंगर पोखरावा लागला नाही. पण ते करणाऱ्याचं नाव कोनशिलेवर येत नाही.

---

टोलमुक्त_महाराष्ट्र | १८ ऑगस्ट, २२:४४

कारला ३२० रुपये टोल घेऊन तीन तास अडकवतात. लुटारू आहेत सगळे. सत्तेवर कुणीही असो, आधीचे ते तसले आणि आत्ताचे हे तर

*(प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे, इथे घाटावर बोला. – संपादक मंडळ)*

---

अगंबाई_गाडी | १९ ऑगस्ट, ०७:५०

भाषा सोडली तर टोलमुक्त भाऊंचा एक मुद्दा मला पटतो. घाट ठप्प झालाय हे माहीत असतानाही खालापूरला गाड्या आत घेतल्या जातात. अलीकडे शेडुंगलाच मोठा फलक लावा: घाटात इतका वेळ लागतोय, पाहिजे तर जुन्या रस्त्याला उतरा. सुट्टीच्या दिवशी मुंबईकडची लेन थोडा वेळ थांबवून त्यावरून पुण्याच्या गाड्या सोडतात, तेही आत अडकल्यावरच कळतं.

---

खोपोलीकर | १९ ऑगस्ट, ०८:१५

जुना रस्ता आडोशीला परत त्याच गर्दीत येतो, अगंबाई. उतरून फायदा फक्त आमच्या वडापाववाल्यांचा. 😄

---

पेठी_पुणेकर | १९ ऑगस्ट, ०९:०२

गंभीर प्रश्न. २७ ला गणपती. सोमवारी रात्री पुण्याहून पनवेलमार्गे पेणला जायचंय, सोबत आई आणि मूर्ती. एक्स्प्रेसवे की ताम्हिणी?

---

सहाचाकी | १९ ऑगस्ट, ०९:२०

ताम्हिणी रात्री नको, पावसात तर नकोच. एक्स्प्रेसवेनं जा, पण खालापूरला उतरा, खोपोली-पेण रस्ता धरा. पनवेलला जायचं कामच नाही. पहाटे साडेतीनला निघा, रात्री अकराला नको. अकराला आमच्याच गाड्या असतात. मूर्ती मागच्या सीटवर उभी नको, खाली पायाशी, दोन्ही बाजूनं उशा लावून.

---

पेठी_पुणेकर | १९ ऑगस्ट, ०९:२६

आभारी आहे. उतारावर तिसऱ्या गिअरमध्येच ठेवीन, ट्रकवाल्यांनी शिकवलं म्हणून.

---

सहाचाकी | १९ ऑगस्ट, ०९:३१

आणि चारही इंडिकेटर बंद ठेवा, काका.